काम न थांबविता वाढणारी जागा : लिनक्सवरील डिस्क-विस्ताराचा इतिहास आणि गिरणगावातील नोंदी

विषयप्रवेश

मध्य रेल्वेवर भायखळा आणि करी रोड यांच्या मधले स्थानक म्हणजे चिंचपोकळी. चिंचेची झाडे असलेला सखल भाग, म्हणून चिंचपोकळी, अशी या नावाची व्युत्पत्ती सामान्यतः सांगितली जाते. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात ही पोकळी माणसांनी इतकी भरून गेली की रिकामी जागा हीच तेथील सर्वांत दुर्मीळ वस्तू ठरली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढील दोन दशकांत गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जमिनींचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ७ मार्च २००६ रोजी त्याचा निकाल लागला. गिरणी कामगारांना घरे देण्याच्या योजनेत म्हाडाची पहिली सोडत २८ जून २०१२ रोजी ६,९२५ घरांसाठी निघाली. पात्रतेची मुख्य अट अशी की, १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामगार गिरणीच्या नोकरीत असला पाहिजे, आणि ते कागदाने सिद्ध झाले पाहिजे.

या एका अटीमुळे हजेरीपत्रकाचे पान, तिकीट नंबर, लाल पास, पगारपावती, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक यांना घराएवढी किंमत आली. गिरणीच्या कचेरीत जी बाडे केवळ जागा अडवून बसली आहेत असे एकेकाळी वाटत होते, तीच आता पुरावा झाली. सप्टेंबर २०२३ पासून म्हाडाने कामगार व वारस यांच्याकडून हे पुरावे ऑनलाइन स्वीकारण्याची मोहीम हाती घेतली. अर्जदारांची संख्या सुमारे दीड लाख होती. कागदाची छायाप्रत झाली, छायाप्रतीची फाइल झाली आणि फाइल कोठल्या तरी सर्व्हरच्या डिस्कवर गेली.

डिस्क भरते तेव्हा दोनच मार्ग असतात : काही खोडणे अथवा जागा वाढविणे. संगणकाच्या इतिहासाचा मोठा भाग असा आहे की, जागा वाढविण्यासाठी काम थांबवावे लागत असे. काम थांबविणे परवडत नसे, म्हणून खोडले जाई. लिनक्स आणि व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका प्रत्यक्ष यंत्रावर चालणारी अनेक आभासी यंत्रे, यांच्या संयोगाने हे समीकरण बदलले. हा बदल कसा घडला, आणि नोंदींच्या जपणुकीचा प्रश्न त्याने कितपत सोडविला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

जागेची जुनी बांधणी

१९५६ साली आयबीएम कंपनीने रॅमॅक संगणकासोबत ३५० या क्रमांकाचे डिस्क-उपकरण आणले. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्यांवर मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. जागा कमी पडली तर दुसरे कपाट आणावे लागे. जागा ही वस्तू होती आणि तिला वजन होते.

पर्सनल कॉम्प्युटरच्या बऱ्याच आधी व्हर्च्युअल मशीन आले, हे आजच्या विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसते. आयबीएमच्या केंब्रिज येथील केंद्रात १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात सीपी-६७ ही प्रणाली तयार झाली आणि १९७२ मध्ये तिचे व्हीएम/३७० हे बाजारातील रूप जाहीर झाले. एका मोठ्या डिस्कचे तुकडे पाडून प्रत्येक आभासी यंत्राला एकेक ‘मिनिडिस्क’ देण्याची तिची पद्धत होती. पाहुण्या यंत्राला ती स्वतःची संपूर्ण डिस्क वाटे. ही मिनिडिस्क वाढवायची झाल्यास दुसरीकडे मोठा तुकडा शोधायचा, सर्व माहिती तेथे नकलायची आणि नोंदवहीतील पत्ता बदलायचा. म्हणजे खोली वाढत नव्हती, बिऱ्हाड हलत होते.

मुंबईत या काळात संगणक म्हणजे प्रामुख्याने टाटा मूलभूत संशोधन संस्था. तेथे देशी बनावटीचा टिफ्रॅक चालत होता. १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला व अन्य संस्थांतील संशोधकही त्याचा वापर करू लागले. आयुर्विमा महामंडळाने त्याच दशकात मुंबईत संगणकाची वाट धरली तेव्हा कर्मचारी संघटनांनी नोकऱ्यांच्या प्रश्नावर आवाज उठविला. स्वयंचलनाविषयी केंद्र सरकारने नेमलेल्या, प्रा. वि. म. दांडेकर अध्यक्ष असलेल्या समितीचा अहवाल १९७२ सालचा आहे. हा सारा वाद माणसाच्या जागी यंत्र येण्याचा होता. कागदाच्या जागी काय येणार आणि ते किती टिकणार, याकडे त्या वेळी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

बँकांच्या बाबतीत निर्णायक ठरला तो रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या डॉ. सी. रंगराजन समितीचा १९८४ चा अहवाल. त्यानंतरच्या यांत्रिकीकरणात युनिक्स प्रणालीला पसंती मिळाली आणि भारतीय तंत्रज्ञांची एक अख्खी पिढी युनिक्सवर घडली. पुढे लिनक्स आले तेव्हा त्याच्या आज्ञा या पिढीला परक्या वाटल्या नाहीत. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबत मिळणाऱ्या सीडींमुळे ही प्रणाली महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांपर्यंत पोहोचली. इंटरनेटवरून एवढी मोठी प्रणाली उतरवून घेणे तेव्हा बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे होते. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवाच मुळी १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली होती.

शेजाऱ्याची भिंत

पर्सनल कॉम्प्युटरवर डिस्कची विभागणी ‘पार्टिशन’ने होऊ लागली. १९८३ मध्ये आलेल्या या पद्धतीत डिस्कच्या पहिल्याच कप्प्यात चार मुख्य पार्टिशनांचा तक्ता असे, आणि त्यातील आकडे बत्तीस बिटांचे असल्याने सुमारे दोन टेराबाइटपलीकडची जागा त्याला मोजताच येत नसे. ही मर्यादा पुष्कळ काळ कोणाला जाणवली नाही. जाणवली ती दुसरीच : पार्टिशन सलग असावे लागते. पहिल्या पार्टिशनला लागून दुसरे असेल, तर डिस्कच्या शेवटी कितीही रिकामी जागा असली तरी पहिल्याला तिचा उपयोग नाही. लिनक्सच्या जुन्या मांडणीत मुख्य फाइल सिस्टिमला लागूनच पुष्कळदा ‘स्वॅप’ हा स्मृतीचा पूरक कप्पा ठेवलेला असे. तो नेमका वाटेत येई.

चाळीत राहिलेल्या कोणालाही ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. दहा बाय बाराची खोली लांबविता येत नाही, कारण भिंतीपलीकडे शेजारी राहतो. मग पोटमाळा काढला जातो. लिनक्समध्येही तेच झाले. दुसरी डिस्क आणून ती एखाद्या निर्देशिकेवर जोडायची, म्हणजे ‘माउंट’ करायची, आणि जड सामान तेथे हलवायचे. युनिक्सच्या झाडासारख्या रचनेत हे सहज शक्य होते, कारण वापरणाऱ्याला कोणती फाइल कोणत्या डिस्कवर आहे हे कळण्याचे कारणच नसते. तथापि पोटमाळ्यालाही मर्यादा असते आणि एकदा तोही भरतो. त्यानंतर उरे तो जुना विधी : कचेरी बंद झाल्यावर सर्व माहिती टेपवर उतरवायची, पार्टिशने मोडायची, मोठी करून पुन्हा आखायची आणि टेपवरून माहिती परत आणायची. टेप वाचता आली नाही, तर सोमवारी सकाळी काय सांगायचे याची चिंता व्यवस्थापकाला रात्रभर असे.

नाव वेगळे, ठिकाण वेगळे

या कोंडीतून सुटका झाली ती नाव आणि ठिकाण यांची फारकत करून. आयबीएमने १९९० मध्ये आपल्या एआयएक्स या युनिक्समध्ये ‘लॉजिकल व्हॉल्यूम’ची कल्पना रूढ केली. एचपी कंपनीच्या युनिक्समध्येही तशी सोय आली. तिच्याच धर्तीवर हाइन्झ माउएल्सहागेन यांनी १९९८ मध्ये लिनक्ससाठी एलव्हीएम लिहिले. ते २००१ च्या २.४ कर्नलमध्ये समाविष्ट झाले, आणि २००३ अखेरच्या २.६ कर्नलमधील ‘डिव्हाइस मॅपर’ या थरावर त्याची दुसरी आवृत्ती उभी राहिली.

कल्पना साधी आहे. डिस्का किंवा पार्टिशने एका सामाईक साठ्यात जमा करायची. साठ्याचे सारख्या आकाराचे, साधारणतः चार मेगाबाइटचे, तुकडे पाडायचे. फाइल सिस्टिमला जी ‘डिस्क’ दिसते ती म्हणजे अशा तुकड्यांची केवळ यादी. तुकडे सलग असलेच पाहिजेत असे नाही. ते एकाच डिस्कवर असावेत हेही बंधन नाही. जागा वाढवायची म्हणजे यादीत आणखी काही तुकडे लिहायचे. शेजाऱ्याची भिंत राहिली, पण तिचा अडथळा संपला.

मात्र यादी लांबली म्हणून फाइल सिस्टिम आपोआप मोठी होत नाही. तिचे स्वतःचे हिशेब असतात, तेही वाढवावे लागतात. रेमी कार्ड यांनी १९९३ मध्ये रचलेली ईएक्सटी-२ ही फाइल सिस्टिम वाढविण्यासाठी सामान्यतः ती आधी विलग करावी लागे, अर्थात काम थांबवावे लागे. तिची उत्तराधिकारी ईएक्सटी-३ चालू स्थितीत वाढविण्याची सोय डिसेंबर २००४ च्या २.६.१० या कर्नलमध्ये आली. सिलिकॉन ग्राफिक्सच्या एक्सएफएस या फाइल सिस्टिमला ही विद्या आधीपासूनच अवगत होती. किंबहुना ती जोडलेल्या स्थितीतच वाढते. पुढे २०१४ मध्ये रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सच्या सातव्या आवृत्तीने एक्सएफएसला मूलभूत पसंती दिली. ‘काम न थांबविता’ या शब्दांचा खरा आरंभ कोणता असे विचारले, तर १९९८ पेक्षा २००४ हे वर्ष सांगणे अधिक योग्य ठरेल. एलव्हीएमने जागा दिली, पण ती चालत्या कामात वापरता येणे सर्वसामान्य लिनक्सवर त्यानंतर शक्य झाले.

व्हर्च्युअल मशीनने यात आणखी एक थर घातला. १९९९ मध्ये व्हीएमवेअरचे पहिले उत्पादन आले, २००३ मध्ये झेन आले आणि फेब्रुवारी २००७ च्या २.६.२० कर्नलमध्ये केव्हीएम समाविष्ट झाल्याने खुद्द लिनक्सच यजमान झाले. पाहुण्या यंत्राची डिस्क ही आता यजमानाच्या दृष्टीने एक फाइल अथवा साठ्यातील एक हिस्सा असते. ती वाढविण्यासाठी पेचकस लागत नाही. परिणामी विस्ताराची कृती पाच पायऱ्यांची झाली. प्रथम यजमानाकडे आभासी डिस्कचा आकार वाढवायचा. मग पाहुण्या कर्नलला ती पुन्हा मोजायला लावायची. त्यानंतर पार्टिशनची सीमा पुढे सरकवायची, एलव्हीएमच्या साठ्याला व व्हॉल्यूमला नवी जागा द्यायची आणि सर्वांत शेवटी फाइल सिस्टिम वाढवायची. बाहेरून आत, असा हा क्रम आहे. एखादी पायरी राहिली तर यंत्र बिघडत नाही. नवी जागा फक्त मधल्याच थरात अडकून राहते आणि वापरणाऱ्याला डिस्क पूर्वीइतकीच भरलेली दिसते. नवशिक्या व्यवस्थापकाची बहुतेक तक्रार इथलीच असते.

आकसविण्याचा क्रम नेमका उलटा, आतून बाहेर. तेथे मात्र चूक झाली तर माहिती कापली जाते. ईएक्सटी कुळातील फाइल सिस्टिम आकसविताना काम थांबवावेच लागते. एक्सएफएस तर रोजच्या व्यवहारात आकसविताच येत नाही. वाढीसाठी तंत्रज्ञांनी वीस वर्षे खपून सोयी केल्या; घटीकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले. यात त्यांचा दोष कमी आणि मागणीचा अधिक. जागा परत करायला कोण येतो?

विस्तारापूर्वी प्रतिलिपी घेतली पाहिजे, हा नियम सर्व पाठ्यपुस्तकांत आहे. त्याचा एक पोटनियम कमी सांगितला जातो. यजमानाकडे त्या यंत्राचा ‘स्नॅपशॉट’ घेऊन ठेवला असेल, तर व्हीएमवेअरसारख्या प्रणालीत डिस्क वाढविता येत नाही. स्नॅपशॉट आधी काढावा लागतो. म्हणून सुरक्षिततेसाठी स्नॅपशॉटवर विसंबणारा येथे अडतो आणि स्वतंत्र प्रतिलिपी ठेवणारा पुढे जातो.

गावकीची खोली

या इतिहासातील सर्वांत लक्षवेधी टप्पा जानेवारी २०१२ चा आहे. त्या महिन्यात आलेल्या ३.२ कर्नलमध्ये ‘थिन प्रोव्हिजनिंग’ची, मराठीत म्हणायचे तर विरळ वाटपाची, सोय झाली. तत्पूर्वी शंभर गिगाबाइटचा व्हॉल्यूम दिला की साठ्यातून शंभर गिगाबाइट लगेच वजा होत. विरळ वाटपात शंभराचे वचन दिले जाते, पण तुकडे प्रत्यक्ष लिहिले जातील तसतसेच खर्ची पडतात. त्यामुळे पाचशे गिगाबाइटच्या साठ्यावर प्रत्येकी शंभराचे दहा व्हॉल्यूम सुखाने नांदू शकतात. सगळ्यांना एकाच वेळी सगळी जागा लागत नाही, या अनुभवावर ही व्यवस्था उभी आहे.

चिंचपोकळी, लालबाग, परळ येथील गावकीच्या खोल्यांना हा अनुभव फार जुना होता. कोकणातील आणि घाटावरील गावांनी मुंबईत एकेक खोली घेतलेली असे. गावचा माणूस वर्गणी भरून तिचा सभासद होई. त्याला ट्रंक ठेवण्याची जागा, वळकटी आणि कपड्यांसाठी खुंटी मिळे, जेवण खाणावळीत. खोलीत एका वेळी झोपू शकत त्यांच्या कितीतरी पट सभासद तिच्यावर असत. हे जमे याचे कारण गिरणीच्या पाळ्या. पहिल्या पाळीचे कामावर गेले की रात्रपाळीचे झोपायला येत. शिमग्याला, गणपतीला काही गावी जात. प्रत्येक सभासदाला खोली आपली वाटे आणि एका अर्थाने ती असेही. मिनिडिस्क जशी पाहुण्या यंत्राला आपली वाटे, तशी.

साम्य इथे संपत नाही. सुटीच्या दिवशी पाळ्या नसत आणि सगळे सभासद एकत्र येत. तेव्हा गॅलरी, जिना, पदपथ यांवर वळकट्या पसरत. विरळ साठ्याला असा पदपथ नसतो. साठा संपला की, ज्यांच्या हिशेबात अजून पुष्कळ जागा शिल्लक आहे अशा व्हॉल्यूमवरचे लेखनही थांबते, आणि वेळेवर लक्ष दिले नाही तर फाइल सिस्टिमला इजा पोहोचते. आतील यंत्राला आपली डिस्क अर्धी रिकामी दिसत असते. त्याला धोक्याची कल्पनाही येत नाही. गावकीच्या खोलीत कोण किती दिवस राहिला, कोणाची वर्गणी थकली, नवा माणूस घ्यावा की नाही, हे ठरवायला पंच असत. विरळ वाटपात ते काम साठ्याच्या भरणीवर पाळत ठेवणाऱ्या व्यवस्थापकाचे असते आणि पुष्कळ कचेऱ्यांत त्या पदावर कोणी नसते.

पुढील काळात हा साठाच दुसऱ्याच्या मालकीचा झाला. ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबई विभाग सुरू केला. २०१७ पासून त्या सेवेत चालू यंत्राची डिस्क काही आज्ञांनी वाढविता येऊ लागली, आणि अनेक लिनक्स प्रतिमांमध्ये यंत्र सुरू होताना पार्टिशन व फाइल सिस्टिम आपोआप वाढविणारी आज्ञावली असते. येथेही वाढ सोपी आणि घट नाही : तेथील डिस्क लहान करायची तर नवी, लहान डिस्क घेऊन माहिती तिच्यावर नकलावी लागते. १९७२ च्या मिनिडिस्कचे बिऱ्हाड पुन्हा हलले.

काय जपले जाते

वाढ सोपी झाल्यावर खोडण्याचे कारण उरले नाही. त्यातच कायद्याने जपण्याची सक्ती वाढविली. रिझर्व्ह बँकेच्या ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने पैशांच्या देवघेवीची माहिती भारतात साठविणे बंधनकारक केले. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींच्या कामकाजाच्या नोंदी, म्हणजे ‘लॉग’, १८० दिवस ठेवाव्या लागतात. लॉग दर क्षणाला लिहिले जातात. एखाद्या लहान संस्थेच्या सर्व्हरची डिस्क का भरली हे पाहू गेल्यास दस्तऐवजांपेक्षा लॉगच अधिक जागा व्यापून असल्याचे वारंवार आढळते.

शिक्षणसंस्थांना हा प्रश्न परका नाही. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासण्याची पद्धत एकदम सर्व परीक्षांना लागू केली तेव्हा सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिका प्रतिमा होऊन सर्व्हरवर आल्या. निकाल कित्येक आठवडे लांबले. त्या विलंबाची कारणे अनेक होती आणि डिस्क हे त्यातले मुख्य कारण म्हणता येणार नाही; परंतु कागदाचा गठ्ठा जेव्हा डिस्कवर जातो तेव्हा त्याच्या क्षमतेचा अंदाज परीक्षेपूर्वी बांधावा लागतो, हे त्या वर्षी सर्व प्राध्यापकांनी अनुभवले.

यात एक तांत्रिक खोच आहे आणि ती छायाप्रतींच्या साठ्याशी थेट निगडित आहे. ईएक्सटी फाइल सिस्टिममध्ये प्रत्येक फाइलला एक ‘आयनोड’ लागतो आणि त्यांचे जागेशी असलेले प्रमाण फाइल सिस्टिम तयार करतानाच ठरते. लाखो लहान फाइली जमल्या तर जागा शिल्लक असूनही नवी फाइल तयार होत नाही. डिस्क वाढविल्यास त्याच प्रमाणात आयनोड वाढतात, म्हणून व्यवस्थापक ती वाढवितो आणि पुष्कळशी जागा रिकामीच राहते. याउलट, चालू प्रक्रियेने उघडून ठेवलेली फाइल खोडली तर ती यादीतून नाहीशी होते, पण प्रक्रिया ती मिटेपर्यंत जागा सुटत नाही. दिसणारी जागा आणि असलेली जागा यांत असा फरक पुन्हा पुन्हा पडतो. म्हणून अनुभवी माणसे लॉगसाठी स्वतंत्र व्हॉल्यूम काढतात, जेणेकरून ते फुगले तरी दस्तऐवजांच्या व्हॉल्यूमवरचे लेखन अडू नये.

विस्ताराच्या आज्ञेला लाल पासची छायाप्रत आणि कालचा लॉग यांतला फरक कळत नाही. गिरण्यांच्या कचेऱ्यांतही तो कोणाला कळला नव्हता. १९८२ नंतर ज्या कचेऱ्यांना कुलपे लागली तेथे हजेरीपत्रके आणि रद्दी एकाच फळीवर होती. म्हाडाने पुराव्यांची यादी लांबलचक ठेवली ती यामुळेच असावी. हजेरीपत्रक नसेल तर रजेची नोंदवही, तीही नसेल तर राज्य कामगार विम्याचा क्रमांक, तोही नसेल तर घरातल्या ट्रंकेत जपून ठेवलेली एखादी पगारपावती.